जॉर्ज ग्रँट : एका सरकारी छायाचित्रकाराची नोकरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण मुलांनी पुढे काय व्हावे याची चर्चा करतो. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शिक्षक, बँकेतील अधिकारी, स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी सेवेत गेलेला तरुण, अशी नावे घेतली जातात आणि ती घेतली गेलीच पाहिजेत. आज मात्र मी तुमच्यापुढे असा एक सरकारी नोकर उभा करणार आहे, की ज्याचे काम ऐकून तुम्हाला प्रथम हसू येईल. सरकार त्याला पगार देत असे तो डोंगर, धबधबे, झाडे, रस्ते आणि माणसे यांची छायाचित्रे काढण्यासाठी. त्याने ही नोकरी पंचवीस वर्षे केली. त्याचे नाव जॉर्ज अलेक्झांडर ग्रँट. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचा पहिला मुख्य छायाचित्रकार होता.

परदेशातील एका छायाचित्रकाराची कथा आपल्या समाजाच्या शाळेत कशासाठी सांगावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल. तत्पूर्वी राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय आणि त्याचा छायाचित्राशी संबंध काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

उद्यान म्हटले की आपल्याला नगरपालिकेचा बगीचा आठवतो. राष्ट्रीय उद्यान तसे नसते. तो निसर्गाचा एक मोठा प्रदेश असतो. तेथे झाड तोडणे, खाण खणणे, जमीन विकणे यांना कायद्याने बंदी असते. अशा प्रकारचे जगातले पहिले मोठे राष्ट्रीय उद्यान म्हणून अमेरिकेतील यलोस्टोनचे नाव घेतले जाते. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्या कायद्यावर सही केली. (हे अध्यक्ष ग्रँट आणि आपले छायाचित्रकार ग्रँट यांच्यात गल्लत करू नये.) यलोस्टोनचे क्षेत्रफळ आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून जास्त आहे. त्या ठिकाणी जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, चिखल खदखदतो, आणि खोल पिवळसर दरीतून नदी वाहते. पूर्वी शिकारी आणि भटके लोक तेथून येऊन ही वर्णने सांगत, तेव्हा शहरातील शहाणे लोक त्यांना थापाडे म्हणत.

१८७१ साली फर्डिनांड हेडन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सरकारी पाहणी पथक यलोस्टोनला गेले. त्या पथकात विल्यम हेन्री जॅक्सन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा छायाचित्रकार होता, आणि टॉमस मोरन नावाचा चित्रकारही होता. जॅक्सनचे काम किती कष्टाचे होते, हे विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. आज खिशातून फोन काढला की फोटो निघतो. जॅक्सनच्या वेळी फिल्मसुद्धा नव्हती. काचेची एक तावदानासारखी पट्टी घ्यायची, ती स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडिअन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरायचे, मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि लगेच पुन्हा अंधारात नेऊन रसायनांनी धुवायची. काच वाळली की काम फुकट गेले. म्हणजे जेथे चित्र घ्यायचे तेथेच अंधारखोली हवी. ती अंधारखोली म्हणजे एक तंबू. काचा, बाटल्या, तंबू, कॅमेरा असे सारे सामान खेचराच्या पाठीवर लादून डोंगर चढायचे. एकदा खेचराच्या पाठीवरील ओझे घसरले आणि कित्येक दिवसांच्या मेहनतीच्या काचांचा चुराडा झाला. जॅक्सनने त्यातील शक्य तेवढी चित्रे पुन्हा घेतली. यलोस्टोनमधील गरम झऱ्यांचा मात्र त्याला फायदा झाला. त्या पाण्याने धुतलेल्या काचा लवकर वाळत!

ही छायाचित्रे आणि मोरनची चित्रे वॉशिंग्टनला पोहोचली. हेडन यांनी ती लोकप्रतिनिधींपुढे ठेवली. ज्या गोष्टी थापा म्हणून उडवून लावल्या जात होत्या, त्यांचा पुरावा आता काचेवर उमटलेला होता. केवळ छायाचित्रांमुळे कायदा झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रवासी मिळावेत म्हणून रेल्वे कंपनीलाही तो कायदा हवा होता. परंतु ज्यांनी ती भूमी कधी पाहिली नव्हती आणि पाहण्याचा संभवही नव्हता, अशा सभासदांना निर्णय घ्यायचा होता. त्यांच्या डोळ्यांचे काम त्या छायाचित्रांनी केले, एवढे निश्चित. हेच जॅक्सन १८९५ च्या सुमारास एका जागतिक वाहतूक पाहणी मंडळाबरोबर आपल्या हिंदुस्थानातही येऊन गेले आणि येथील रेल्वे, रस्ते, वाहने यांची चित्रे घेऊन गेले. त्यांना नव्व्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. १९४२ मध्ये ते वारले.

आता आपल्या मूळ विषयाकडे वळू.

यलोस्टोननंतर अमेरिकेत अनेक उद्याने झाली. पण त्यांचा कारभार एका हाती नव्हता. २५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान खाते स्थापन झाले. स्टीफन मॅथर हे पहिले संचालक. त्यांच्यासमोर मोठी अडचण होती. उद्याने दूर पश्चिमेला आणि बहुतेक लोकवस्ती पूर्वेकडच्या शहरांत. ज्या जमिनीला लोकांनी पाहिलेच नाही, तिच्यासाठी लोकांनी कर का भरावा आणि प्रतिनिधींनी पैसा का मंजूर करावा? लोकांना उद्याने दाखविली पाहिजेत, हे खात्याने ओळखले. त्या काळी उद्यानांची बरीचशी चित्रे रेल्वे कंपन्यांचे आणि तेथील दुकानदारीचा परवाना असलेले छायाचित्रकार घेत. ती सुंदर असत, पण ती त्यांच्या धंद्यासाठी असत. उद्यानातील रस्ता कसा खचला, पूल कसा बांधला, वाटाड्या लोकांना काय शिकवतो, याची चित्रे कोण विकत घेणार? ती काढायला खात्याचाच माणूस पाहिजे होता.

जॉर्ज ग्रँट यांचा जन्म १८९१ साली पेनसिल्व्हेनियात, म्हणजे देशाच्या पूर्व भागात झाला. १९२२ च्या उन्हाळ्यात तिशी गाठलेला हा तरुण यलोस्टोनमध्ये हंगामी रेंजर म्हणून लागला. हंगामी म्हणजे काय, हे आपल्या समाजातील पालकांना समजावून सांगण्याची गरज नाही. हंगाम संपला की नोकरी संपली. त्या वेळी यलोस्टोनचे प्रमुख होते होरेस ऑलब्राइट. हे पुढे १९२९ मध्ये संपूर्ण खात्याचे दुसरे संचालक झाले. ग्रँट यांना छायाचित्रणाची आवड आहे, हे त्यांच्या नजरेस आले. पण आवड वेगळी आणि जागा वेगळी. खात्यात छायाचित्रकाराचे पदच नव्हते. उन्हाळा संपला आणि ग्रँट परत पूर्वेकडे गेले.

येथे मला विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. १९२२ ते १९२९ या सात वर्षांत ग्रँट यांनी काय केले? नशिबाला बोल लावीत ते बसले नाहीत. त्यांनी छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतले. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्य महाविद्यालयात ते छायाचित्रण शिकवू लागले. एक विषय दुसऱ्याला शिकविताना आपला स्वतःचा किती पक्का होतो, हे आम्हा शिक्षकांना रोज अनुभवाला येते. आणि १९२९ मध्ये जेव्हा खात्याने छायाचित्रकार नेमावयाचे ठरविले, तेव्हा ग्रँट त्या जागेसाठी पूर्ण तयार होते. संधी आपल्या दाराशी येईपर्यंत थांबावे लागते, हे खरे. परंतु थांबणे दोन प्रकारचे असते. एकात माणूस नाक्यावर उभा राहून दिवस मोजतो. दुसऱ्यात तो आपले हत्यार परजत असतो.

आता नोकरी कशी होती ते पाहू. ग्रँट मोठ्या आकाराचा कॅमेरा वापरीत. असा कॅमेरा लाकडी तिवईवर उभा करावा लागतो. मागच्या बाजूला खरखरीत काच असते. डोक्यावर काळे कापड घेऊन त्या काचेवर चित्र पाहायचे, आणि ते चित्र उलटे दिसते, डोंगराचे शिखर खाली आणि पायथा वर. उलट्या चित्रात रेषा तपासायच्या, भिंग पुढे-मागे सरकवून ठाशीवपणा आणायचा, प्रकाश मोजायचा, मग फिल्म असलेली पेटी सरकवून चित्र घ्यायचे. एकेका चित्राला वेळ लागे, म्हणून दिवसाला मोजकीच चित्रे निघत. ढग हवे तसे येईपर्यंत तासन् तास थांबावे लागे आणि कधी ढग येतच नसत. सामान वाहून नेण्यासाठी आणि निगेटिव्ह धुण्यासाठी त्यांच्याजवळ एक काळी बंदिस्त गाडी होती. तिच्या रंगरूपावरून तिला ‘शववाहिका’ असे टोपणनाव पडले होते. या गाडीतून हा माणूस वाळवंटातून बर्फात आणि बर्फातून जंगलात फिरत राहिला.

आपल्या कारकिर्दीत ग्रँट यांनी शंभराहून अधिक उद्याने आणि राष्ट्रीय स्मारके यांचे चित्रण केले. त्यांच्या छायाचित्रांची संख्या तीस ते चाळीस हजारांच्या घरात जाते. संख्येपेक्षा त्यातील विविधता महत्त्वाची आहे. त्यात सूर्यास्ताची आणि शिखरांची चित्रे आहेतच. पण रस्ते, पूल, तंबूत राहणारी कुटुंबे, संग्रहालये, मुलांना झाडांची ओळख करून देणारे रेंजर, त्या भूमीचे मूळ रहिवासी, जुन्या इमारती, हेही त्यात आहे. १९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हुकुमाने ऐतिहासिक रणभूमी आणि अनेक स्मारके या खात्याकडे आली, तेव्हा ग्रँट यांचे क्षेत्र आणखी वाढले. त्याच वर्षी महामंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांसाठी एक मोठी सरकारी योजना सुरू झाली. १९४२ पर्यंत चाललेल्या त्या योजनेत सुमारे तीस लाख तरुणांनी झाडे लावली, पायवाटा बांधल्या, वणवे विझविले. या कुदळ-फावडेवाल्या मुलांची छायाचित्रेही ग्रँट यांनी काढली. आज त्यांच्यापैकी एखाद्याचा नातू त्या चित्रात आपला आजोबा शोधतो, तेव्हा सूर्यास्ताच्या चित्रापेक्षा ते चित्र त्याला मोलाचे वाटत असेल.

ही छायाचित्रे वर्तमानपत्रांत गेली, मार्गदर्शक पुस्तिकांत गेली, व्याख्यानांत पडद्यावर दिसली. लक्षावधी लोकांनी ती पाहिली. पण ग्रँट हे नाव किती लोकांना ठाऊक झाले? जवळजवळ कोणालाच नाही. कारण छायाचित्राखाली नाव छापले जाई ते खात्याचे. सरकारी नोकराने काढलेले चित्र, ते सरकारचे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तर केंद्र सरकारच्या नोकराने नोकरीचे काम म्हणून केलेल्या कृतीवर कोणाचाच मालकी हक्क राहत नाही. ती सर्व जनतेची होते, कोणीही ती विनामूल्य छापावी. म्हणजे ग्रँट यांना ना नाव मिळाले, ना छपाईमागे मानधन. महिन्याचा पगार तेवढा मिळाला. १९५४ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६४ मध्ये वारले.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहा. त्याच काळात अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स हे थोर छायाचित्रकार होते. १९४१ मध्ये हॅरॉल्ड इक्स हे त्या खात्याचे मंत्री होते. उद्यानांचा कारभारही त्याच खात्याकडे येतो. आपल्या मुख्य इमारतीत लावण्यासाठी उद्यानांची मोठी चित्रे काढावीत म्हणून त्यांनी ॲडम्स यांना नेमले. मेहनताना ठरला दिवसाला बावीस डॉलर बावीस सेंट, तोही वर्षात जास्तीत जास्त १८० दिवसांसाठी. पुढे अमेरिका महायुद्धात उतरली आणि १९४२ मध्ये ती योजना बंद पडली. ती चित्रे इमारतीत मोठ्या आकारात लागली ती थेट २०१० मध्ये. तरी त्या थोड्या अवधीत ॲडम्स यांनी काढलेली चित्रे जगप्रसिद्ध झाली. त्यातील टेटन पर्वत आणि स्नेक नदी यांचे चित्र तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठविलेल्या तबकडीत घातले गेले. पृथ्वी कशी आहे हे परक्या जीवांना सांगण्यासाठी निवडलेल्या शंभराहून थोड्या जास्त चित्रांत त्याचा समावेश झाला.

एकाचे चित्र आकाशात गेले आणि दुसऱ्याचे नाव फायलीत राहिले. यात अन्याय झाला काय? मला तसे सरळ म्हणता येत नाही. ॲडम्स हे असामान्य प्रतिभेचे कलावंत होते, त्यांचा मान त्यांना मिळाला. पण खात्याच्या रोजच्या गरजेची हजारो चित्रे, खचलेला रस्ता, नवा पूल, पायवाट बांधणारी मुले, ही काढणारा माणूस ग्रँट होता. असामान्य माणसे प्रत्येक पिढीत बोटांवर मोजण्याइतकी निघतात. बाकी जग चालते ते वेळेवर कामाला जाऊन आपले काम चोख करणाऱ्यांवर. आपण सर्व पालक आणि शिक्षक बहुधा त्याच पंक्तीतले आहोत. आपल्या घरातील आयांनी जन्मभर केलेल्या स्वयंपाकाखाली कोणाचे नाव लिहिलेले असते?

नाव नसले तरी काम वाया जात नाही, याचा एक पुरावा देतो. मोंटाना राज्यात ग्लेशिअर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ग्लेशिअर म्हणजे हिमनदी. १९३२ मध्ये ग्रँट यांनी तेथील बोल्डर हिमनदीच्या बर्फातील एका गुहेचे छायाचित्र काढले. गुहेच्या तोंडाशी माणसे उभी आहेत, आणि बर्फाच्या त्या कमानीपुढे ती अगदी लहान दिसतात. छप्पन्न वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच जागी दुसऱ्याने कॅमेरा लावला. डोंगराची रेषा तीच आहे, पण बर्फ नाही. जेथे गुहा होती तेथे उघडी जमीन आहे. ही दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून शास्त्रज्ञ आज जगाला तापमानवाढ समजावून सांगतात. पानभर आकडे वाचूनही ज्याला काही उमगत नाही, त्यालाही ती जोडी पाहून समजते.

१९३२ मध्ये ग्रँट यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी त्या दिवशीचे नेमून दिलेले काम नीट केले होते, इतकेच. चित्र स्पष्ट घेतले, आणि ते कोठले व कधीचे आहे याची नोंद राहिली. ही नोंद नसती, तर १९८८ मधल्या माणसाला उभे राहण्याची जागाच सापडली नसती. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत तारीख घाला, नकाशावर दिशा दाखवा, उत्तरापुढे एकक लिहा, असे आम्ही शिक्षक सारखे बजावतो तेव्हा तुम्हाला कटकट वाटते. ती कटकट कशासाठी असते, ते या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

ग्रँट यांच्या निगेटिव्ह खात्याच्या संग्रहात जपून ठेवल्या गेल्या. त्यांच्यावरील संपूर्ण सचित्र पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे ते वारल्यानंतर एक्कावन्न वर्षांनी. आणि योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय उद्यान खात्याने एका छायाचित्रकाराच्या जागेची जाहिरात काढली. ऐतिहासिक इमारती, पूल आणि भूप्रदेश यांची मोठ्या कॅमेऱ्याने कृष्णधवल चित्रे काढायची, असे ते काम. पगार वर्षाला सुमारे ६३ हजार ते ९९ हजार डॉलर. ती जाहिरात जगभर गाजली आणि २०१६ मध्ये त्या जागेवर नेमणूकही झाली. म्हणजे डिजिटल युगातही तिवई, काळे कापड आणि फिल्म यांची नोकरी संपलेली नाही. याचे कारण व्यावहारिक आहे. नीट धुतलेली व जपलेली कृष्णधवल फिल्म पिढ्यान् पिढ्या टिकते, आणि ती पाहायला उजेडापलीकडे कोणतेही यंत्र लागत नाही.

आता दोन शब्द पालकांसाठी. गेल्या वर्षी पालक सभेत एका मातेने मला विचारले, “सर, माझा मुलगा अभ्यास सोडून झाडं, पक्षी यांचे फोटो काढत फिरतो. याचं पोट यावर भरणार का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात बाप परदेशी मजुरीला आहे किंवा दुकानाच्या गल्ल्यावर घर चालते, तेथे आईने पोटाचा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी त्या माउलीला तेव्हा जे सांगितले, तेच येथे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, केवळ छंदावर पोट भरत नाही. शिकून कमावलेल्या कौशल्यावर भरते. ग्रँट यांनीही आधी शिक्षण घेतले, मग नोकरी मिळविली. म्हणून मुलाने दहावी, बारावी आणि पदवी ही वाट सोडू नये. छायाचित्रणाला पदार्थविज्ञानातला प्रकाश लागतो, रसायन लागते, भूगोल लागतो, आणि चित्राखाली चार शुद्ध ओळी लिहिण्यापुरती भाषा लागते. शाळेतील कोणताही विषय त्यात वाया जात नाही.

दुसरी गोष्ट, अशा नोकऱ्या आपल्याकडेही आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात किल्ले, मशिदी, देवळे, लेणी, उत्खनने यांची चित्रे काढणारे छायाचित्रकार असतात. सरकारच्या माहिती खात्यात असतात, पोलीस खात्यात असतात, संग्रहालयांत असतात. आपल्या देशातील व्याघ्रगणनेचे काम आज मुख्यतः कॅमेऱ्यांवर चालते. झाडाला बांधलेला कॅमेरा जनावर समोरून गेले की आपोआप चित्र घेतो, आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि सुमारे साडेतीन कोटी चित्रे मिळाली. ती तपासणारी, निवडणारी, नोंदविणारी माणसे लागतातच. जागा थोड्या आहेत, स्पर्धा आहे, हे मी लपवीत नाही. पण जागा नाहीतच, असे समजून मुलाच्या हातातून कॅमेरा काढून घेऊ नये. आणि हे मी मुलांइतकेच मुलींसाठीही म्हणतो.

तिसरी गोष्ट, आपल्यातलेच एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली १८९६ मध्ये मुंबईत जन्मले. लहानपणीच ते आईबापांवाचून पोरके झाले. विद्यापीठाची नेहमीची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. संस्थानांच्या प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी पगार न घेता, केवळ खर्चापुरत्या पैशांवर केली. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले, ते अनेक आवृत्त्यांतून वाचले गेले. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. त्यांच्या तरुणपणी “हा पाखरांच्या मागे काय हिंडतो?” असे म्हणणारे लोक नसतील काय? प्रत्येक मूल सलीम अली होणार नाही. पण ज्या मुलाला पाहण्याची आणि नोंदविण्याची सवय आहे, त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याची वही एकदा उघडून पाहावी.

अखेरीस आपल्या सर्वांच्या कर्तव्याची गोष्ट. राष्ट्रीय उद्यानांची चित्रे काढायला सरकार माणूस नेमते. आपल्या गावची नोंद कोण ठेवणार? आमच्या शाळेमागे एक ओढा आहे. मी नववीच्या मुलांना एक साधे काम दिले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, एकाच दगडावर उभे राहून, एकाच दिशेने, घरातल्या फोनने ओढ्याचा एक फोटो घ्यायचा आणि वहीत तारीख, वेळ, पाऊस व पाण्याची पातळी लिहायची. प्रथम मुले कंटाळली. पुढे तीच आपसात वाद घालू लागली, की पाणी गेल्या वर्षीपेक्षा लवकर आटले की उशिरा. वाद झाला की वही उघडावी लागते, आणि वहीत लिहिलेले असते. एवढ्याने कोणी ग्रँट होत नाही. पण अंदाजाने बोलणे आणि पाहून बोलणे यातला फरक मुलांना कळला.

तुम्ही वाचकांनीही घरी एक काम करावे. प्रत्येक घरात जुन्या फोटोंची एक पेटी किंवा पिशवी असते. लग्नाचे, जहाजावर जाणाऱ्या चुलत्याचे, शाळेच्या पहिल्या वर्गाचे फोटो तिच्यात असतात. त्यातील माणसांना ओळखणारे वडीलधारे आज हयात आहेत. त्यांच्याजवळ बसून प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि वर्ष लिहून घ्या. शाईने लिहू नका, ती पुढे उमटते. आपल्या संस्थेच्या कपाटातही अशी चित्रे आहेत. देणगी देणारे, पहिली इमारत बांधणारे गवंडी, पहिल्या तुकडीतील मुली, यांतील अनेकांची नावे चित्रांवर नाहीत. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की पुढील वर्षी वरच्या वर्गांतील दहा विद्यार्थ्यांना हे काम सोपवावे, त्यांना गावातील वृद्धांकडे पाठवावे, आणि जमलेली नावे पुढील स्मरणिकेत छापावीत. यासाठी पैसे फारसे लागणार नाहीत. वेळ मात्र थोडा आहे. कारण ज्यांना ही नावे ठाऊक आहेत, ते दरवर्षी कमी होत आहेत.